लिनक्सच्या पडद्यावर विंडोजचे ऑफिस

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि एक जुना प्रश्न अनेक कार्यालयांत नव्याने उभा राहिला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अजून ठणठणीत चालणारे पुष्कळ संगणक नव्या विंडोजसाठी अपात्र ठरतात. त्याच संगणकांवर लिनक्स मात्र सुखाने चालते. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ मीटिंग, पीडीएफ, साधी पत्रे आणि तक्ते यांत कुठेच अडत नाही. अडते ते दोन-तीन प्रोग्रॅमांपाशी: वर्षानुवर्षे मॅक्रो जोडत फुगलेली एक्सेलची फाइल, ॲक्सेसमध्ये कुणीतरी कधीकाळी बांधून ठेवलेली नोंदवही, टॅली, आणि मराठी छपाईच्या कामात श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर. यादी छोटी असते, पण तिच्यापायी अख्खे कार्यालय विंडोजवर थांबते. यावर चार वाटा सांगितल्या जातात. वाइन वापरून विंडोजचे प्रोग्रॅम थेट लिनक्सवर चालवावेत. पर्यायी सॉफ्टवेअर घ्यावे. ऑफिसची ब्राउझरमधली आवृत्ती वापरावी. किंवा विंडोज दुसरीकडे कुठेतरी चालू ठेवून लिनक्सच्या पडद्यावर फक्त त्याचे चित्र आणावे. या लेखाचा विषय ही चौथी वाट. माझे म्हणणे असे, की तांत्रिकदृष्ट्या ही वाट चारींत सर्वांत पक्की आहे आणि आजकालची नाही, बरीच वर्षे पक्की आहे. तरीही ती कुणाला परवडेल हे तंत्रावर ठरत नाही. ते परवान्यांवर, कीबोर्ड-प्रिंटर-टोकन अशा कडेच्या गोष्टींवर आणि दिवसातले किती तास त्या दूरच्या खिडकीत जाणार यावर ठरते.

प्रोग्रॅम एका यंत्रावर चालवायचा आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर पाहायची, ही कल्पना युनिक्सच्या घरचीच. एमआयटीत १९८४मध्ये सुरू झालेली एक्स विंडो सिस्टिम मुळापासून नेटवर्क गृहीत धरून रचलेली होती. विंडोज घडले ते एक माणूस, एक संगणक, एक पडदा हे धरून. त्यावर एकाच वेळी अनेकांना बसवण्याचे काम सिट्रिक्स या बाहेरच्या कंपनीने केले. एनटी ३.५१च्या पायावर तिने १९९५मध्ये विनफ्रेम बाजारात आणले. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे मल्टीविन हे तंत्र परवान्यावर घेतले, आणि १९९८मध्ये एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती निघाली. दूरच्या यंत्राचा पडदा दाखवणारा आरडीपी हा प्रोटोकॉल तिच्याबरोबर आला. लिनक्सच्या बाजूला आरडेस्कटॉप हा क्लायंट आधी तयार झाला आणि २००९मध्ये त्याच्यातून फ्रीआरडीपी हा प्रकल्प फुटून निघाला. दरम्यान, स्पर्धा-कायद्याच्या कज्ज्यांत सापडलेल्या मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८मध्ये आपल्या प्रोटोकॉलांची तीस हजारांवर पाने खुली केली. जे पूर्वी अंदाजाने उकलावे लागत होते ते आता वाचून लिहिता येऊ लागले. आज रेमिनासारखे सोपे क्लायंट फ्रीआरडीपीवरच उभे आहेत. यातली गंमत २०२१मध्ये दिसली. विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्रॅम खिडकीत दाखवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने आणली, तेव्हा ते चित्र वाहून नेण्यासाठी तिने आरडीपीच घेतला आणि त्यासाठी फ्रीआरडीपीचाच कोड वापरला. तेव्हा लिनक्सचा आरडीपी क्लायंट म्हणजे हौशी जुगाड, हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

आरडीपी नेमके काय करतो हे समजले की त्याच्या ताकदीचा आणि कमकुवतपणाचा उगम कळतो. व्हीएनसी हा दुसरा प्रोटोकॉल पडद्यावरचे ठिपके पाठवतो. आरडीपी सुरुवातीपासून थोडा अधिक शहाणा होता: इथे रेघ ओढ, हे अक्षर इथे ठेव, हा भाग आधी पाठवलेला आहे तोच पुन्हा वापर, अशा सूचना तो पाठवत असे. पुढे व्हिडिओसाठीचे एच.२६४ हे तंत्र आले. त्यातही रंगाचा तपशील न गाळणारी पद्धत वापरली, की लाल-निळ्या अक्षरांच्या कडा फिसकटत नाहीत, आणि तक्त्यांत दिवस घालवणाऱ्याला तेच महत्त्वाचे असते. चित्राशेजारून वेगवेगळ्या वाहिन्या धावतात: क्लिपबोर्डची एक, आवाजाची एक, प्रिंटरची एक, फाइलींची एक. उलट दिशेने माऊसच्या हालचाली आणि कीबोर्डच्या कळा जातात. म्हणजे बँडविड्थ फारशी लागत नाही. लागते ती तत्परता. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गेला, की हाताला तो जाणवतो. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरची जा-ये त्यामुळे निव्वळ भौतिकशास्त्राने दहा मिलिसेकंदांत होते. बारा हजार किलोमीटरवर, अमेरिकेत, ठेवलेल्या सर्व्हरची तीच जा-ये १२० मिलिसेकंदांच्या खाली येऊच शकत नाही, आणि वाटेतली वळणे धरून बरीच वर जाते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचे सेंट्रल इंडिया हे केंद्र पुण्यात आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयाला वेगाची तक्रार करायला म्हणूनच फारशी जागा उरत नाही, सर्व्हर जवळचा निवडला असेल तर. स्वस्त मिळाला म्हणून परदेशातला सर्व्हर घेणारे पैसे वाचवतात आणि दिवसभर प्रत्येक कळेमागे थोडे थोडे गमावतात.

आता अख्खा विंडोज डेस्कटॉप पाहण्याचीही गरज उरलेली नाही. विंडोज सर्व्हर २००८पासून रिमोटॲपची सोय आहे: एकट्या एक्सेलची खिडकी लिनक्सच्या इतर खिडक्यांमध्ये येऊन बसते. विनॲप्स हा मुक्त प्रकल्प हीच सोय घेऊन एक पाऊल पुढे गेला. तो विंडोज आपल्याच लिनक्स संगणकात, आभासी यंत्रात, चालवतो आणि फ्रीआरडीपीने त्यातले प्रोग्रॅम एकेक करून बाहेर दाखवतो. शून्य किलोमीटरवरचे दूरस्थ विंडोज, असे त्याला म्हणता येईल. नेटवर्कचा प्रश्नच मिटतो. पण विंडोज ११ला स्वतःची चार जीबी मेमरी लागते, ऑफिस पळवायचे तर त्याहून अधिक. मग ज्या जुन्या संगणकांसाठी ही सगळी खटपट सुरू झाली त्यांच्यावरच हा मार्ग चालत नाही. शिवाय लिनक्सचे डेस्कटॉप आता जुन्या एक्सकडून वेलँडकडे गेले आहेत, आणि वेलँडमध्ये प्रोग्रॅमला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे ठेवायची हे ठरवण्याचा हक्क नाही. रिमोटॲपला तोच हक्क हवा असतो, कारण खिडकी कुठे आहे हे दूरचे विंडोज सांगत असते. सध्या हे एक्सच्या सुसंगती-थरातून भागवले जाते. चालते, पण मेनू भलतीकडे उघडला तर नवल करू नये. एक अख्खा डेस्कटॉप एका स्वतंत्र कार्यक्षेत्रावर पूर्ण पडदाभर ठेवणे दिसायला कमी चकचकीत असले, तरी रोजच्या कामाला जास्त निर्धोक आहे.

पहिला आक्षेप वाइनवाल्यांचा असतो. विंडोज मुळात हवेच कशाला? वाइन १९९३पासून आहे, २००८मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि २०१८मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने वाइनवर बेतलेले प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर धावत आहेत. गेम धावतो तर वर्ड का नाही? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. गेम हा बहुतेक वेळा स्वतःपुरता असतो. त्याला चित्र, आवाज आणि कंट्रोलर दिला की तो बाकी विंडोजकडे फारसे वळून पाहत नाही. ऑफिस विंडोजमध्ये सगळीकडे मुळे पसरून बसलेले आहे: एका प्रोग्रॅममधला तक्ता दुसऱ्यात रुतवण्याची व्यवस्था, खात्याने लॉगिन होणारे ॲक्टिव्हेशन, इन्स्टॉल आणि अपडेट करणारी स्वतंत्र सेवा, आणि महिन्यामहिन्याला बदलणारा कोड. आज चाललेली आवृत्ती पुढच्या अपडेटनंतर चालेलच याची हमी कोण देणार? जुन्या आवृत्त्यांसाठी वाइन किंवा त्यावर बेतलेले सशुल्क क्रॉसओव्हर उपयोगी पडते. जिथे पगारपत्रक महिन्याच्या ठरलेल्या तारखेला निघालेच पाहिजे, तिथे मात्र मला हा जुगार वाटतो. दूरस्थ वाटेवर खरे विंडोज खऱ्या ऑफिसला सांभाळत असते. लिनक्सला त्यातले काहीच समजून घ्यावे लागत नाही. तिचा पक्केपणा नेमका इथून येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि बऱ्याच अंशी मला मान्यही आहे: मायक्रोसॉफ्टचे ऑफिस हवेच कशाला? ओडीएफ हा खुला फाइल-प्रकार २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला मानकाचा दर्जा २००८मध्ये मिळाला, तोही मोठ्या वादानंतर. भारताने २००७मध्ये आणि पुन्हा २००८मध्ये त्याच्या विरोधात मत दिले होते. लिब्रेऑफिस २०१०पासून स्वतंत्रपणे वाढत आहे. पत्र, अहवाल, साधा हिशोब, सादरीकरण यांसाठी ते पुरते, आणि ज्यांचे काम एवढेच आहे त्यांनी दूरच्या विंडोजचा विचारही करू नये. ब्राउझरमधले एक्सेलही आता पुष्कळ काही करते, फक्त व्हीबीए मॅक्रो चालवत नाही. घोडे अडते ते तिथेच. एक्सेलमध्ये व्हीबीए १९९३पासून आहे. तीन दशकांत जगभरच्या लेखा विभागांनी त्यात छोटे-मोठे प्रोग्रॅम लिहून ठेवले, आणि ते लिहिणारे स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवतही नव्हते. लिब्रेऑफिस त्यातले काही मॅक्रो चालवते, काही चालवत नाही, आणि काही चालवून चुकीचे उत्तर देते. शेवटचा प्रकार सर्वांत घातक. हे मॅक्रो नव्याने लिहून घेणे हाच खरा उपाय, हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण ते लिहिणारा माणूस निवृत्त झालेला असतो आणि मार्चअखेर कुणासाठी थांबत नाही. ते पुनर्लेखन होईपर्यंतचा काळ कसा काढायचा, एवढ्यापुरताच दूरस्थ विंडोजचा दावा आहे.

म्युनिक शहराचे उदाहरण दोन्ही बाजूंनी इतके वापरले गेले आहे, की त्यातून काय शिकायचे हेच धूसर झाले आहे. नगर परिषदेने २००३मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३च्या अखेरीस सुमारे पंधरा हजार संगणक हलवून झाले, आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय झाला. लिनक्सचे समर्थक त्यात राजकारण पाहतात, विरोधक अपयश. माझ्या मते त्यातला सर्वांत बोधक भाग मधल्या दहा वर्षांचा आहे. शहराच्या कारभारात विभागाविभागाचे स्वतंत्र प्रोग्रॅम होते आणि त्यांतले काही विंडोजशिवाय हलत नव्हते. त्यामुळे विंडोज तिथून कधीच पुरते गेले नाही. शेपूट आखूड झाले, संपले नाही. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये तीस हजार संगणकांसाठी तोच रस्ता धरला, पण क्रम उलटा लावला: आधी विंडोजवरच लिब्रेऑफिसची सवय, ऑपरेटिंग सिस्टिमची अदलाबदल त्यानंतर. या क्रमात शहाणपण आहे. फाइली आणि सवयी आधी सुटल्या की मागे खरोखरची अडलेली कामे किती उरतात ते मोजता येते. ती मोजली की दूरस्थ विंडोज किती लोकांसाठी, किती तासांसाठी लागेल याचा आकडा हाती येतो. न मोजता घेतलेला सर्व्हर एकतर ओस पडतो किंवा सगळेच सवयीने त्याच्यावर जाऊन बसतात, आणि मग लिनक्सचा संगणक हा विंडोज उघडण्याचा महागडा दरवाजा होऊन बसतो.

महागडा म्हणण्याचे कारण परवाने. या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शनात हा भाग चार ओळींत उरकलेला असतो, आणि खर्चाचे गणित नेमके तिथेच बदलते. विंडोजची होम आवृत्ती आरडीपीने आत येऊ देत नाही. प्रो आवृत्ती देते, पण एका वेळी एकाच वापरकर्त्याला. तुम्ही दुरून आत गेलात की यंत्रासमोर बसलेल्याचा पडदा बंद. आपल्या टेबलावरच्या, परवाना असलेल्या विंडोज संगणकात त्याच माणसाने घरच्या लिनक्स लॅपटॉपवरून शिरणे पूर्ण कायदेशीर आहे, आणि एकट्या माणसासाठी सर्वांत स्वस्त रचना तीच. एकाहून अधिक माणसे एकाच वेळी हवीत तर विंडोज सर्व्हर लागतो, आणि त्याच्या वर प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे वेगळा रिमोट डेस्कटॉपचा परवाना लागतो. या परवान्याविना मिळणारी १२० दिवसांची सवलतीची मुदत संपली की सर्व्हर जोडणी नाकारू लागतो. त्यावरचे ऑफिसही दुकानातून घेतलेले एका संगणकाचे चालत नाही. त्याला व्हॉल्यूम परवाना किंवा सामायिक संगणकाची मुभा देणारी मायक्रोसॉफ्ट ३६५ची योजना हवी. आणि डेटा सेंटरमधल्या आभासी यंत्रांवर सर्व्हरऐवजी साधे विंडोज चालवून त्यात लिनक्सवरून शिरायचे, तर मायक्रोसॉफ्ट व्हीडीए नावाचा आणखी एक वर्गणीचा परवाना मागते, कारण समोरच्या यंत्रावर विंडोजचा परवाना नाही. म्हणजे टेबलावरचे विंडोज काढल्याचा दंडच जणू. एका सेशनची मर्यादा तोडणाऱ्या क्लृप्त्या छोट्या कार्यालयांत सर्रास चालतात. त्या परवान्याचा भंग करतात हे तर झालेच, शिवाय एखाद्या अपडेटनंतर सकाळी दहा वाजता बंदही पडतात. थोडक्यात, विंडोजचे पैसे वाचतील म्हणून ही वाट धरणाऱ्याने आधी वही-पेन घ्यावे. पैसे वाचतात ते फक्त तेव्हा, जेव्हा पन्नास टेबलांपैकी पाच-सहा जणांनाच ती खिडकी लागते.

कीबोर्डचा मुद्दा इंग्रजीत काम करणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. मराठीत काम करणाऱ्याची पहिली ठेच तिथेच लागते. आरडीपी साधारणपणे अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तिचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते हे पलीकडचे विंडोज आपल्या लेआउटप्रमाणे ठरवते. लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या सोयीत तुम्ही कितीही नीट मराठी बसवलेले असो, दूरच्या वर्डमध्ये त्याचा उपयोग होत नाही; तिथे इंग्रजी अक्षरेच उमटतात. उपाय अवघड नाही: विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट किंवा त्यातलेच उच्चारानुसारी लेआउट जोडायचे आणि भाषा बदलण्याची कळजोडी लिनक्सने मधल्यामध्ये गिळू नये अशी मांडणी करायची. इनस्क्रिप्टवाल्यांना हे फार सोपे जाते, कारण दोन्हीकडे कळा त्याच. खरी गुंतागुंत जुन्या, युनिकोडपूर्व मजकुराची आहे. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर क्लिपबोर्डवरून लिनक्सकडे आणला, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण तो फाँट इथे नसतो आणि त्या सांकेतिकीचा अर्थ फक्त त्या फाँटलाच ठाऊक असतो. असा मजकूर पलीकडेच युनिकोडमध्ये रूपांतरित करून मग इकडे आणावा. या सगळ्याची एक चांगली बाजूही आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. वर्ड पलीकडे चालत असल्यामुळे मंगल, निर्मला हे फाँट, जोडाक्षरांची जुळणी आणि ओळी तुटण्याची जागा, सगळे विंडोजचेच राहते. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यावर चौदा पानांचा मराठी अहवाल पंधरा पानांचा होतो आणि अनुक्रमणिका हलते, ती पीडा इथे नाही.

कडेच्या गोष्टींत दुसरी मोठी गोष्ट म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन. जीएसटी, कंपनी कायद्याखालची विवरणपत्रे, ई-निविदा यांच्यासाठी ते भारतात कार्यालयाकार्यालयांत आहे. स्वाभाविक विचार असा होतो, की टोकन सर्व्हरलाच लावून ठेवू म्हणजे कुणालाही कुठूनही सही करता येईल. आरडीपीत हे बरोबर उलटे आहे. दूरस्थ सेशन सुरू झाले की विंडोज सर्व्हरला लावलेले स्मार्टकार्ड त्या सेशनला दाखवतच नाही. क्लायंटच्या बाजूला जे कार्ड आहे तेच दाखवते. म्हणून टोकन लिनक्स संगणकाला लावायचे, तिथे स्मार्टकार्डची सेवा चालू करायची आणि फ्रीआरडीपीला कार्ड पुढे पाठवायला सांगायचे. टोकनचा विंडोज ड्रायव्हर मात्र सर्व्हरवर लागतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे: सही करण्याचे साधन माणसाच्या हाताजवळ असावे, सामायिक यंत्रात खोचलेले नसावे. कुलूप म्हणून येणारे हार्डवेअर डोंगल ही वेगळी जात. ते स्मार्टकार्ड नसते, त्यामुळे ते सहसा सर्व्हरलाच लावावे लागते, आणि काही सॉफ्टवेअर दूरस्थ सेशन ओळखून चालायलाच नकार देतात. प्रिंटरचे त्या मानाने बरे चालते, कारण लिनक्सच्या प्रिंटरकडे विंडोज पोस्टस्क्रिप्टमध्ये काम सोपवते. डॉट-मॅट्रिक्सवर आधीच छापलेल्या बिलांत नेमक्या चौकटीत आकडे पाडायचे असतील, तर मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा.

सुरक्षेचा भाग थोडक्यात, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. मे २०१९मध्ये ब्लूकीप नावाची आरडीपीतली चूक उघड झाली. पासवर्ड न देताच यंत्राचा ताबा घेता येईल अशी ती होती, आणि मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली यावरून तिचे गांभीर्य कळावे. आरडीपीचे ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवले, की पासवर्ड चाचपणारी स्वयंचलित यंत्रे लवकरच येऊन धडकतात. खंडणीखोर रॅन्समवेअरची ती आवडती वाट आहे. पासवर्ड अवघड ठेवला आहे, पोर्टचा क्रमांक बदलला आहे, ही उत्तरे पुरेशी नाहीत. २०२०पासून वायरगार्ड हे व्हीपीएन लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. दोन्ही टोकांना ते बसवून आरडीपी त्याच्या बोगद्यातून नेणे, किंवा आधी एसएसएचने आत शिरणे, याला तासाभराहून अधिक वेळ लागू नये. हे करायची तयारी नसेल त्याने ही वाट धरूच नये, असे मी म्हणेन.

तिसरा आक्षेप साध्या व्यवहाराचा आहे. विंडोज शेवटी लागतेच, पैसे शेवटी जातातच, मग ते टेबलावरच का ठेवू नये? ज्याचे काम दिवसभर एक्सेलमध्येच आहे, त्याच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लेखापालाला सहा-सात तास दूरच्या खिडकीतून काम करायला लावणे म्हणजे तत्त्वासाठी त्याचे हाल करणे. त्याला विंडोजचा संगणक द्यावा आणि विषय संपवावा. पण आठवड्यातून दोनदा टॅलीत व्हाउचर पाहणारा, महिन्यातून एकदा मॅक्रो चालवून तक्ता काढणारा, कधीमधी जुन्या ॲक्सेसमध्ये एखादी नोंद शोधणारा, अशी माणसे कार्यालयात बहुसंख्य असतात, आणि केवळ त्या थोड्या तासांसाठी त्यांच्या प्रत्येक टेबलावर विंडोज, त्याचे अँटीव्हायरस, त्याची अपडेट आणि आता नवे हार्डवेअर पोसले जाते. हे सगळे एका जागी आणले तर अपडेट एकदाच करायचे, बॅकअप एकाच ठिकाणाहून घ्यायचा. आणि कोण किती वेळ विंडोजवर जातो याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो. ती नोंद मला परवान्याच्या बचतीपेक्षा मोलाची वाटते. सहा महिन्यांनी ती उघडून पाहिली, तर कोणता मॅक्रो आधी नव्याने लिहून घ्यायचा याचे उत्तर अंदाजाऐवजी आकड्यांतून मिळते.

सर्व्हर स्वतः सांभाळायचा नसेल तर तोही आता भाड्याने मिळतो. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२१मध्ये विंडोज ३६५ या नावाने माणशी, महिन्याच्या वर्गणीवर दूरस्थ संगणक देऊ केला. परवान्यांचा बराच गुंता त्या वर्गणीत विरून जातो. भारतात टॅली दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवून देण्याचा धंदा तर त्याआधीपासून जोरात आहे, आणि त्याच्या पोटात बहुधा आरडीपीच असते. लिनक्सवाल्याला इथे एक अडचण आहे. विंडोज ३६५साठीचा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा क्लायंट विंडोज, मॅक, आयफोन, अँड्रॉइडवर मिळतो, लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी नाही. तिथे ब्राउझरमधून जावे लागते. लिहिण्या-वाचण्याला ब्राउझर पुरतो. स्मार्टकार्ड आणि प्रिंटरच्या बाबतीत तो खऱ्या क्लायंटच्या मागे आहे, आणि कंट्रोल-डब्ल्यूसारखी कळजोडी कधी दूरच्या एक्सेलऐवजी ब्राउझरच ऐकतो. टोकनची सही रोज लागत असेल तर भाड्याच्या संगणकापेक्षा स्वतःचा सर्व्हर आणि फ्रीआरडीपी हीच जोडी सोयीची. भाड्याच्या वाटेने जायचेच असेल, तर फाइलींची जागा पहिल्या दिवशी ठरवावी. सेवा देणाऱ्याच्या डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये साठत गेलेल्या फाइली वर्गणी थांबली की ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. त्या कार्यालयाच्या स्वतःच्या फाइल-सर्व्हरवर, सांबा किंवा नेक्स्टक्लाउडवर, राहाव्यात आणि दूरच्या विंडोजने त्या तिथूनच उघडाव्यात. थोडी गती जाते. टॅलीसारख्या, आपला डेटा जवळच असावा लागणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तर रोज रात्री प्रत काढून घेण्यावरच भागवावे लागते. ती प्रत लिनक्सच्या बाजूने, ठरलेल्या वेळी आपोआप ओढली जावी; महिनाअखेरीस कुणीतरी आठवणीने काढील, या भरवशावर ती सोडू नये.